ब्याण्णव गुणांची डबी

लेकीनं डबी उलटी करून दिव्याखाली धरली, दुसऱ्या हातातला फोन तिच्यावर नेला आणि तोंडातला घास तसाच ठेवून ओरडली, "ब्याण्णव!"

"आधी घास गिळ," आई म्हणाली. "ब्याण्णव म्हणे. तुला तरी शाळेत कधी मिळाले होते का गं ब्याण्णव?"

"मला नाही मिळाले, पण या क्रीमला मिळाले. बघ, हिरवंगार."

गेले सहा महिने हे घर त्या फोनच्या धाकात होतं. जिच्यावर काळ्या रेघांचा पट्टा छापलाय अशी कुठलीही वस्तू घरात आली, की लेक आधी तिच्यावर फोन धरायची. मग पडद्यावर शंभरापैकी गुण उमटायचे आणि खाली रंग. हिरवा म्हणजे खुशाल वापरा, पिवळा म्हणजे जपून, लाल म्हणजे कचऱ्याची बादली. बिस्किटं गेली, सॉसची बाटली गेली, बाबांचा दाढीचा साबण गेला. आईची वीस वर्षांची टाल्कम पावडर अकरा गुणांवर नापास झाली. आईनं ती बादलीतून परत काढली आणि शिवणाच्या मशीनच्या खणात लपवली. तेव्हापासून ती लेकीला इन्स्पेक्टर म्हणायची.

थट्टा होती, पण तिच्या मागे साधी गोष्ट नव्हती. पाच वर्षांपूर्वी लेकीचा चेहरा एका रात्रीत असा सुजला होता, की डोळे उघडेनात. त्वचेच्या डॉक्टरांनी तिच्या पाठीवर चाचणीच्या पट्ट्या चिकटवल्या आणि चार दिवसांनी एक नाव काढलं. क्रीम नासू नये म्हणून त्यात घालतात त्यातलंच एक रसायन. नाव इतकं लांबलचक, की घरात त्याला सगळे 'मालगाडी' म्हणायला लागले. लेकीच्या पाकिटात त्या नावाचं कार्ड असायचं. फोनमध्येही तिनं ते घालून ठेवलं होतं. यादीत मालगाडी दिसली, की फोन ठणाणा करायचा.

आज फोन गप्प होता. लेबलमास्तरांचा हात मात्र ताटात थांबला होता.

लेबलमास्तर हे काही त्यांचं खरं नाव नव्हे. बाजारपेठेच्या मागच्या गल्लीत त्यांचा छोटा छापखाना होता. एक मशीन, एक कटर, एक संगणक. मुरंबेवाले, साबणवाले, क्रीमवाले, सगळे छोटे कारखानदार त्यांच्याकडूनच चिकट लेबलं छापून न्यायचे, म्हणून तिथं सगळे त्यांना लेबलमास्तर म्हणत. डबीवरचं दोन पानांचं चित्र त्यांनीच काढलेलं होतं. मागची घटकांची यादी त्यांनीच जुळवलेली होती, मुंगीएवढ्या अक्षरांत, एकही ओळ न मोडता.

"तुमचंच ना हे, बाबा?" लेकीनं डबी त्यांच्यापुढे नाचवली. "म्हणून तर घेतली. दुकानात तीन तऱ्हेच्या होत्या. ही उचलली, मागं बघितलं आणि म्हटलं, अरे, ही तर आपल्या बाबांची अक्षरं!"

"हो," लेबलमास्तर म्हणाले. "माझीच आहेत."

त्यांना सगळं लख्ख आठवत होतं. आठ-नऊ महिन्यांपूर्वी क्रीमवाल्या बाईंचा फोन आला होता. "मास्तर, आधीचं प्रिझर्व्हेटिव्ह मिळेनासं झालंय. दुसरं घेतलंय. लेबलावर तेवढं नाव बदलावं लागेल." बाईंनी एकेक अक्षर सांगितलं आणि त्यांनी चिठ्ठीवर लिहून घेतलं. निम्म्यावर आल्यावर त्यांचं पेन थांबलं. पुढची अक्षरं त्यांना बाईंनी सांगायची गरज नव्हती. ती मालगाडी होती.

कोपऱ्यात त्याच क्रीमच्या लेबलांची छापून, कापून, बांधून ठेवलेली सहा बंडलं होती. त्यांच्याकडे बघत ते म्हणाले होते, "बाई, एवढं छापून पडलंय. हे संपू दे, पुढच्या खेपेला बदलू. इतक्या बारीक अक्षरात कोण वाचत बसतंय?"

"पण चालेल ना, मास्तर? नाहीतर उगाच..."

"मी आहे ना."

बाईंनी विश्वास ठेवला. चिठ्ठी फळ्यावर टाचली गेली. पुढची खेप आली ती घाईत. "मागचंच द्या, मास्तर, गाडी उभी आहे," असा निरोप. मागचंच म्हटलं, की संगणकातली जुनी फाईल उघडायची आणि मशीन सोडायचं, ही त्यांची वीस वर्षांची रीत. त्यांनी तसंच केलं. चिठ्ठीवर आणखी चिठ्ठ्या चढल्या. एकदा हात धुताना त्यांना आठवलं होतं. आता पुढच्या वेळी नक्की, असं म्हणून त्यांनी हात पुसले होते.

आणि लेक? तेव्हा लेकीचा विचार त्यांच्या मनात आला नव्हता असं म्हणता येत नव्हतं. आला होता. ती कुठे ही क्रीम वापरते, एवढंच त्यांनी मनाशी म्हटलं होतं.

"कशाला नवीन काहीतरी?" ते आता म्हणाले. "आधीची काय वाईट होती?"

"आधीची संपली. आणि तिला चौऱ्याऐंशीच होते."

मालगाडी हा शब्द अगदी जिभेवर आला होता. पण तो शब्द काढला, की लगेच दुसरा प्रश्न येणार, तुम्हाला कधीपासून माहीत होतं? लेकीनं झाकण उघडून वास घेतला, आईच्या नाकाशी धरला. कदाचित ही डबी जुन्या मालातली असेल, लेबलमास्तरांनी मनाची समजूत घातली. दुकानात काय, वर्ष वर्ष माल पडून असतो.

"थोडीशीच लाव हं," ते म्हणाले आणि पाणी प्यायले.

चौथ्या दिवशी सकाळी लेक स्वयंपाकघराच्या दारात येऊन उभी राहिली. डाव्या डोळ्याची पापणी फुगून लोंबत होती, गाल लाल होऊन त्यावर बारीक पुरळ आलं होतं. ती दातांच्या दवाखान्यात दारातल्या टेबलाशी बसायची. येणाऱ्या प्रत्येक पेशंटला आधी तिचं तोंड दिसायचं.

"आई, मी अशी जाऊ कामावर?" एवढं म्हणाली आणि तिला रडूच कोसळलं. "मी सगळं तपासून घेते गं. एकेक वस्तू तपासते. आणखी काय करू मी?"

आई तिला जवळ घेऊन थोपटत राहिली. लेबलमास्तर चहाचा कप घेऊन नुसते उभे होते. चहा गार झाला.

त्वचेच्या त्याच डॉक्टरबाईंकडे तिघंही गेले. डॉक्टरांनी जुना कागद काढला, कार्ड बघितलं, मग लेकीनं पिशवीतून आणलेल्या वस्तू टेबलावर ओळीनं मांडून घेतल्या. साबण, शाम्पू, ती डबी. डबी त्यांनी चष्म्याजवळ नेली आणि यादी वरपासून खालपर्यंत वाचली. लेबलमास्तर त्यांच्या ओठांकडे बघत होते. एवढ्या बारीक अक्षरात एक बाई शब्द न् शब्द वाचत होती.

"यात ते नाही," डॉक्टर म्हणाल्या. "ही चांगली आहे. हिच्याबद्दल शंका घेण्याचं कारण दिसत नाही. घरात दुसरं काही नवीन आलंय का?"

लेबलमास्तरांनी घसा खाकरला. डॉक्टरांनी त्यांच्याकडे बघितलं. "काही म्हणालात?"

"नाही," ते म्हणाले. "बोला तुम्ही."

"आई शिवणकाम करते," लेक म्हणाली. "आमच्याकडे रोज नवीन कापड येतं."

"कोरं कापड?" डॉक्टरांनी कागदावर काहीतरी लिहिलं. "त्यावर बऱ्याच प्रक्रिया केलेल्या असतात. नक्की तेच, असं मी आत्ता म्हणत नाही. पण काही दिवस घरातून लांब ठेवून बघा. फरक पडला तर कळेलच."

घरी येऊन आईनं पदर खोचला आणि खिडकीखालचे कापडाचे गठ्ठे एकेक करून चादरीत बांधायला घेतले. अर्धवट शिवलेला एक फ्रॉक होता, त्याला टाचण्या तशाच होत्या. तो तिनं घडी न घालताच वर ठेवला. संध्याकाळपर्यंत गिऱ्हाइकांकडे जाऊन ज्याचं त्याला देऊन आली.

त्याच संध्याकाळी लेबलमास्तरांनी न्हाणीघरातल्या फळीवरची डबी खिशात घातली आणि छापखान्यात नेऊन शाईच्या डब्यांमागे ठेवली. मग संगणक उघडून त्या यादीत मालगाडीचं नाव घातलं. दोन मिनिटांचं काम होतं. जुनी फाईल पुसली. फळ्यावरची चिठ्ठी काढून बारीक फाडली. क्रीमवाल्या बाईंना फोन लावायला घेतला, पण आता काय सांगायचं, असं म्हणून ठेवून दिला. घरी येताना त्यांना जरा हलकं वाटत होतं. डबी गेली, आता सूज उतरेल, मिटेल सगळं. लेकीला कळायचंही कारण नाही.

"माझी क्रीम कुठे गेली?" लेकीनं विचारलं.

"डॉक्टरांकडेच राहिली असेल," ते म्हणाले. हे त्यांना लगेच सुचलं, याचंच त्यांना नवल वाटलं.

सूज उतरली. तिसऱ्या दिवशी डोळा उघडला, आठवड्यात गाल साफ झाला. लेक आरशासमोर उभी राहून वळून वळून चेहरा बघायची.

"म्हणजे कापडच होतं," ती म्हणाली.

"कापडच होतं," आई म्हणाली.

हे असं होईल, हे लेबलमास्तरांच्या डोक्यातच आलं नव्हतं. कापड गेलं आणि डबी गेली, दोन्ही एकाच संध्याकाळी. कापड गेलेलं सगळ्यांनी बघितलं होतं.

"अगं, थोडे दिवस थांब," ते बायकोला म्हणाले. "लगेच काही ठरवू नकोस. दुसरंही काही असेल."

"दुसरं काय असणार? माझ्यामुळे पोरीचं तोंड तसं झालं होतं, आणि मी काय थांबू?" आईनं मशीनवरून फडकं फिरवलं. लग्नाआधीपासूनचं मशीन. लेकीच्या शाळेचे सगळे गणवेश त्यावर शिवलेले. "आणि हे घरात असलं, की हात शिवशिवणार. कुणी कापड घेऊन दारात आलं, की नाही म्हणवणार नाही मला. त्यापेक्षा नकोच. पलीकडच्या गल्लीतली ती पोर शिवण शिकलीये, भाड्याच्या मशीनवर काम करते बिचारी. तिला देऊन टाकते."

"देऊन?"

"मग काय, बसून बघत राहू त्याच्याकडे?"

दोन दिवसांनी ती पोर आणि तिचा भाऊ मशीन न्यायला आले. दार आपोआप मिटायचं, आणि मशीन तर जड. लेबलमास्तर पुढे झाले आणि पाठ लावून त्यांनी दार उघडं धरलं. "जरा तिरपं घ्या," ते म्हणाले. "पायरी आहे, सांभाळून." आई आतल्या दाराशी उभी होती. मशीन उंबऱ्यापाशी आलं तेव्हा तिनं नवऱ्याकडे बघितलं. तिला धीर यावा म्हणून लेबलमास्तर हसले. ती नाही हसली. खिडकीखाली फरशीवर चार गोल डाग राहिले. त्यानंतर दुपारी ती तिथं खुर्ची टाकून बसायची. काही करायची नाही. एकदा त्यांनी तिला भाजी निवडताना पालेभाजीचे देठ एकासारखे एक रांगेत लावताना बघितलं.

सांगून टाकावं असं त्यांना रोज वाटायचं. सकाळी वाटायचं, संध्याकाळी सांगू. संध्याकाळी वाटायचं, आज कशाला, आज बरी आहे ती. गोष्ट जितकी जुनी होत गेली, तितकी सांगायला अवघड होत गेली. आधी एका चिठ्ठीची गोष्ट होती. मग सुजलेल्या डोळ्याची झाली, आणि आता मशीनचीही. लेबलमास्तर मूग गिळून बसले. रोजच्यासारखे कामावर जात राहिले.

रविवारी सकाळी लेक बाहेरून आली ती गुणगुणत. पिशवी टेबलावर रिकामी केली. दूध, पाव, फळं, आणि कागदात गुंडाळलेल्या दोन डब्या.

"डॉक्टरांकडे नाहीये माझी डबी. म्हटलं, जाऊ दे. नवीन घेतली. एक दवाखान्यातल्या मैत्रिणीला. तिची कातडीसुद्धा माझ्यासारखीच आहे. तिला म्हटलं, ही डोळे झाकून लाव, डॉक्टरांनी स्वतः वाचलीये. आणि आमच्या बाबांनी छापलीये." तिनं एका डबीचा कागद काढला आणि झाकण फिरवायला घेतलं.

"उघडू नकोस."

लेबलमास्तरांचा आवाज त्यांच्या अंदाजापेक्षा मोठा निघाला. आईनं खुर्चीतून मान वळवली.

"का? काय झालं?"

"त्यात मालगाडी आहे."

लेक हसली. "बाबा, काहीतरीच काय! वाचा ना. नाहीये."

"लेबलात नाही. डबीत आहे."

तिनं झाकण सोडलं. पण डबी हातातच होती. लेबलमास्तर उभे होते ते बसले, आणि त्यांनी सगळं सांगितलं. बाईंचा फोन सांगितला, चिठ्ठी सांगितली, सहा बंडलं सांगितली. मधे त्यांनी पाणी मागितलं. कुणी उठलं नाही. मग पुढचं सांगितलं. शाईच्या डब्यांमागे ठेवलेली डबीसुद्धा.

"तुम्ही नाव लिहून घेतलं, तेव्हा तुम्हाला कळलं होतं, ते हेच आहे म्हणून?" लेकीनं विचारलं.

"हो."

"डॉक्टरांकडे तुम्ही माझ्या शेजारी बसला होतात."

"हो."

"त्यांनी विचारलं होतं तुम्हाला."

लेबलमास्तरांनी मान हलवली. ती ओरडेल, रडेल, डबी भिंतीवर फेकेल, असं त्यांना वाटलं होतं. तिनं तसलं काही केलं नाही. डबी कागदात परत गुंडाळली.

"त्या बाईंना फोन लावा."

"उद्या सकाळी पहिलं काम तेच..."

"उद्या नाही. आत्ता. आणि फोनचा स्पीकर चालू ठेवा."

त्यांनी फोन लावला. क्रीमवाल्या बाई आधी नीट ऐकून घेत होत्या, मग मधेच म्हणाल्या, "पण मास्तर, तुम्ही तर म्हणाला होतात, पुढच्या खेपेला बदलतो. मला वाटलं, बदललंत. मी तुमचं लेबल कधी वाचतसुद्धा नाही हो. तुमच्याकडून आलं म्हणजे बरोबरच असणार." पलीकडे कागद चाळल्याचा आवाज आला. "दुकानांना कळवते लगेच," बाई म्हणाल्या. "आजच कळवते. अरे देवा. पण घरोघरी गेल्यात त्यांचं काय करू मी?" त्यांनी फोन ठेवला.

लेक उठली. स्वयंपाकघरातल्या फळीवरून एकेक बाटली, एकेक बरणी उचलून तिनं टेबलावर आणायला सुरुवात केली. आपला फोन तिनं बाजूला पडू दिला. बाटली उचलायची, त्यावर बाबांची अक्षरं आहेत का ते बघायचं, आणि असली तर ती त्यांच्यापुढे धरायची.

"ही?"

"बरोबर आहे."

"ही?"

"ही... यांनीही मधे काहीतरी बदललं होतं. मी घातलं होतं ते. बहुतेक."

"बहुतेक?"

ती बाटली डावीकडे, टाकून द्यायच्या वस्तूंत गेली. जॅमची बरणी आली. लेबलमास्तरांनी ती हातात घेऊन डोळ्यांजवळ नेली, यादी पुन्हा वाचली आणि एकदम सुटल्यासारखे म्हणाले, "ही अगदी बरोबर आहे. या माणसानं आजवर काहीही बदललेलं नाही. शपथ."

लेकीनं त्यांच्याकडे बघितलं. मग बरणी त्यांच्या हातातून अलगद काढून घेतली आणि डावीकडे ठेवली.

"बाळा, ही खरंच..."

"असू दे, बाबा," ती म्हणाली आणि पुढची बाटली आणायला गेली.

आई अजून खिडकीखालीच बसून होती. तिच्या पायांपाशी ते चार गोल डाग होते. लेबलमास्तर टेबलाशी दोन्ही हात टेकून उठले आणि तिच्याजवळ गेले.

"उद्या जाऊन मशीन परत आणतो," ते म्हणाले. "मी स्वतः बोलतो त्या पोरीशी. समजावून सांगतो."

"कुठल्या तोंडानं आणाल? काल तिनं त्यावर पहिल्या गिऱ्हाइकाचं काम केलं. मला दाखवायला आली होती, फ्रॉक घेऊन. किती खूश होती."

"मग दुसरं घेऊ. चांगलं, नवीन."

"मशीनचं राहू द्या हो." आईनं वर बघितलं. तिच्या आवाजात राग नव्हता, खरंच विचारावं तसं ती विचारत होती. "ते दोघं मशीन उचलून नेत होते, तेव्हा दार तुम्ही धरलं होतं. धरलंत, तेही असू दे. पण मी तुमच्याकडे बघितलं, तेव्हा तुम्ही हसलात. तेवढं सांगा मला. कसे हसलात?"